तेल वाढत नसतं

६ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मधेच "ठेव आता, गाडी आलीय" म्हणत नाही. तुझ्या ट्रकांपैकी निळी दर आठवड्याला आमच्या शहरात माल उतरवायला येते आणि ती चालवणारी तुझी लेक माझ्याकडे चहाला थांबते. भिंगरी म्हणाली, "मामा, लिही तू, मी नेते." तेव्हा हे तिच्या हातून.

मला नोकरी लागली. तेलाचे फिल्टर बनवणाऱ्या कंपनीत. हुद्दा क्षेत्रीय तांत्रिक सल्लागार. "म्हणजे विक्रेता" असं तू म्हणणार, ते तुझ्या आधी मीच म्हणून घेतो. पण हा फिल्टर साधा नव्हे. तुझा मिस्त्री सातही गाड्यांना जो लावतो तो पत्र्याच्या डब्यात कोंबलेला कागद आहे. मोठा खडा अडवतो, बारीक काजळी खुशाल सोडून देतो, आणि इंजिन झिजवते ती बारीकच. आमच्या मुख्य फिल्टरमध्ये काचेच्या तंतूंची जाळी आहे. शिवाय चासीवर बाजूला दुसरा एक डबा बसतो. तेलाची थोडी थोडी धार सतत त्यातून फिरते आणि केसापेक्षा बारीक घाण तिथे अडकते. तेल इतकं स्वच्छ राहतं की बदलायची वेळ दुप्पट लांबवता येते.

तुझ्या वर्कशॉपमध्ये अजून तेल बोटाला चोळून, नाकाशी धरून निर्णय होतात. जग पुढे गेलंय, ताई. एक गाडी दे. फक्त निळी. पुढच्या फेरीला भिंगरी आली की मीच बसवून देतो.

तुझा,
बाळ


१३ जानेवारी

चि. शहाण्यास,

आशीर्वाद आहेतच, तुला कायमच जास्त लागत आलेत.

तुझं पत्र मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो गाडीखाली होता. "केसापेक्षा बारीक" ऐकून त्याने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि परत आत गेला. यापेक्षा मोठा अभिप्राय त्याने आजवर कुणाला दिलेला नाही.

आता मी सांगते ते ऐक. आधी तू पाण्याच्या टाक्या विकल्यास, मग गाद्या, मग त्या गादीवर झोपून धरलेली पाठ बरी करणारा पट्टा. दर वेळी जग पुढे गेलेलं असतं आणि माझं घर मागे असतं. ट्रकचं इंजिन म्हणजे गादी नव्हे. माझे मालक गेल्यापासून बारा वर्षं मी गाड्या चालवते आहे, म्हणजे चालवून घेते आहे. इंजिनं कशानं मरतात ते मी पाहिलंय. पाणी संपलं तरी दामटत नेतात, त्याने मरतात. हवेच्या पाइपला चीर पडते, रस्त्याची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, त्याने मरतात. तिथे तेलाला सोन्याची चाळणी लावून काय करू, पूजा? मी तेल वेळेवर बदलते. वेळेवर बदललं तर तुझ्या काचेच्या जाळीला गाळायला उरतं काय? आणि ज्याला तेल बदलायचा कंटाळा आहे, तो तुझा फिल्टर तरी बदलेल का?

तरीही निळी देते. का, ते विचारू नकोस. भिंगरीने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं म्हणून. "मामाला एकदा तरी संधी दे," म्हणे. जणू मी मामाला आजवर दगडच मारत आले.

अट एक. तुझा डबा बसव, पण तेल माझ्या वेळापत्रकाने बदललं जाईल. ते लांबवायचं नाही. एक दिवसही नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताई,

डबा बसवून आठ-दहा दिवस झाले. पत्र मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण सोबत एक वस्तू पाठवायची होती आणि ती दोन-तीन ठिकाणी दाखवून झाल्याशिवाय मला सोडवेना.

निळीचा जुना फिल्टर काढला. तुझ्या मिस्त्रीने लावलेला. तो मी करवतीने उभा कापला. खोक्यात ठेवलाय, उघडून बघ. कागदाच्या घड्या एका बाजूने चकतीपासून सुटल्यात, अंगठा जाईल एवढी फट आहे. म्हणजे तेल गाळलंच जात नव्हतं. एका दारातून आत यायचं, कागदाला नमस्कार करायचा आणि फटीतून बाहेर जायचं. डब्यावरचं कंपनीचं नावही नीट बघ. एक अक्षर जास्त आहे. नकली माल, ताई! बारा वर्षांचा अनुभव घेऊन तू बाजारातून रंगवलेला डबा विकत आणलास आणि मला टाकीवाला, गादीवाला म्हणतेस.

आमच्या ऑफिसात हा कापलेला फिल्टर टेबलावर ठेवला तेव्हा मोठे साहेब स्वतः उठून आले. "कुणाच्या गाडीचा?" म्हणाले. मी बहिणीचं नाव झाकलं. एवढी लाज मी तुझी राखली.

बाळ


९ फेब्रुवारी

चि. बाळ,

खोकं पोचलं. फिल्टर बघितला. मिस्त्रीनेही बघितला, आणि बराच वेळ तो गाडीखालून बाहेरच आला नाही.

मग मी तो फिल्टर पिशवीत घातला आणि जिथून घेतला होता त्या दुकानात गेले. दुकानदाराने गल्ल्यामागून हसून विचारलं, "बोला ताई, काय देऊ?"

म्हटलं, "देऊ नका. घ्या." आणि पिशवी त्याच्या काउंटरवर उपडी केली. काळं तेल त्याच्या नव्या कॅल्क्युलेटरवर ओघळलं.

"अहो, हा आमचा नाहीच!"

"तुमचं स्टिकर आहे त्यावर."

"स्टिकर आमचं आहे, पण माल वरून येतो."

"वरून काय, आभाळातून?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती पाचही मिनिटं हलली नाहीत. आता सातही गाड्यांना सरळ इंजिनच्या कंपनीच्या डेपोतून आणलेले फिल्टर आहेत. साधे, कागदाचे, पण खरे. तेव्हा तुझा मुद्दा अर्धा बरोबर होता हे मान्य. अर्धाच. फिल्टर चांगला हवा, हे सांगायला तांत्रिक सल्लागार लागत नाही, करवत लागते. खऱ्या कागदाने माझं भागतं. तुझी काचेची जाळी तुलाच लखलाभ.

निळीचं तेल बदलायची वेळ मागच्या आठवड्यात झाली. भिंगरी म्हणाली, तुझ्याकडे थांबली असताना तिथल्याच गॅरेजमध्ये बदललं. ठीक. पण जुनं तेल कसं दिसत होतं ते तिला सांगता येईना, याचं मला नवल वाटलं. ती सहसा नको इतकं सांगते.

ताई


१ मार्च

ती. ताई,

हे पत्र तुझ्या लाल ट्रकच्या, लालीच्या, ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. भिंगरी उद्या माझ्याकडेच आहे, आणि का आहे ते ऐकलंस तर तू ताठ बसशील.

उद्या आमच्या कंपनीचं प्रात्यक्षिक आहे. मोठमोठे गाडीमालक येणार, प्रत्येकाच्या दारात पन्नास-पन्नास ट्रक. त्यांना कागदावरचे आकडे दाखवून उपयोग नसतो, जिवंत गाडी लागते. ती गाडी म्हणजे आपली निळी! डोंगराच्या रस्त्याने पूर्ण माल भरून वर जायचं, केबिनमध्ये मोठे साहेब, मी आणि चालवायला भिंगरी. पाहुणे मागून मोटारीने.

आता रागावू नकोस, पण निकाल इतका चांगला आहे की लपवून काय करू? तेल बदललंच नाही. भिंगरीला मीच म्हटलं, "आईला सांग बदललं म्हणून." ती तयार नव्हती. मी तिला शब्द दिला की मी जबाबदार. आणि बघ तरी! इतके दिवस चालून तेल एक थेंब कमी झालेलं नाही. तुझ्या बाकीच्या गाड्या महिन्याला डबाभर तेल पितात. निळीची तेल मोजायची दांडी काल मी स्वतः पुसून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. कमी होणं राहिलं बाजूला, वाढलंय! मिस्त्रीला सांग, तंत्रज्ञान याला म्हणतात.

तू मला आयुष्यभर "तुला कळत नाही" म्हणत आलीस. उद्या संध्याकाळी फोन करीन. तेव्हा तरी दुसऱ्या वाक्यापर्यंत ऐक.

तुझा,
बाळ


२ मार्च, सकाळ

मूर्खा,

लालीवाला आत्ता पोचला. तेल वाढत नसतं. तेल म्हणजे काय गाभण म्हैस आहे? इंजिनातलं तेल वर चढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी उतरतंय. पाणी नाहीतर डिझेल. पाणी असतं तर रंग पांढुरका झाला असता आणि तो तुलाही दिसला असता. म्हणजे डिझेल.

सहा वेळा फोन केला. तुझा बंद. प्रात्यक्षिकात असशील, साहेबांसमोर वाजू नये म्हणून. भिंगरीचाही बंद. गाडी चालवताना फोन बंद, हा माझाच नियम. तुझ्या ऑफिसात लागला, तिथली मुलगी म्हणाली, "सगळे डोंगरावर गेलेत, निरोप ठेवू का?" म्हटलं, "ठेव. म्हणावं, गाडी उभी करा." तिने विचारलं, "कोणत्या कामासंदर्भात?"

तुझ्या दिशेने जाणारी पहिली गाडी वाटेला लावली आहे, हा कागद तिच्यातून. मिस्त्री आणि मी मागून निघतो. तुला हे मिळेल तेव्हा बहुतेक उपयोग नसेल, तरी लिहिते. हात स्वस्थ बसत नाहीत.

ताई


७ मार्च

ती. ताई,

हॉस्पिटलच्या दारात तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरोबरच होतं. पण डोंगरावर काय झालं ते भिंगरी तुला सांगताना निम्मं गाळेल. स्वतःचं सांगायचं म्हटलं की तिचं तोंड मिटतं. म्हणून मी लिहितो.

चढाच्या निम्म्यावर इंजिनाचा आवाज बदलला. मी साहेबांना तेव्हा स्वच्छ तेलाचे फायदे सांगत होतो. भिंगरी म्हणाली, "मामा, जरा गप्प." पाय तिने ॲक्सिलरेटरवरून काढला होता, मला दिसला तिचा पाय, हवेत होता. तरी इंजिनाचा वेग चढतच गेला. मागे निळ्या-पांढऱ्या धुराचा डोंगर उभा राहिला. तिने किल्ली फिरवून काढली. इंजिन बंद होईना. किल्ली तिच्या हातात आणि इंजिन किंचाळतंय!

साहेब ओरडले, "अरे, बंद कर ना!"

ती म्हणाली, "केलंय. आता ते स्वतःचंच तेल जाळतंय."

पुढे वळण होतं. वळणापलीकडे रस्ता थेट खाली उतरतो, तिथे शाळेची बस थांबलेली आम्हाला सगळ्यांना दिसत होती. तिने वरच्या गिअरमध्ये घालून ब्रेकवर उभी राहून इंजिन दाबायला बघितलं. गाडी थरथरली, क्लच जळल्याचा वास आला, इंजिन काही मेलं नाही. मग तिने गिअर काढला, निळी डोंगराच्या बाजूला नेऊन कड्याला घासत थांबवली, हँडब्रेक ओढला.

"उतरा दोघंही. मामा, चाकांना दगड लाव. आणि कोट दे."

"कोट?"

"दे!"

कंपनीचा कोट होता, खिशावर नाव विणलेला. तो घेऊन ती केबिनच्या मागे चढली, जिथे हवा आत घेणाऱ्या नळकांड्याचं तोंड आहे, आणि कोट त्यावर दाबून धरला. नळकांड्याने तो असा ओढला की तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. दुसरा हात आधारासाठी धुराच्या नळीवर पडला. तापलेल्या नळीवर, ताई. तिने तो काढला नाही. काढला असता तर तोल जाऊन ती खाली आली असती आणि कोट सुटला असता. हवा तुटली, इंजिनाने दोन आचके दिले आणि थांबलं.

मी दगड लावत होतो. साहेब तोपर्यंत पाहुण्यांच्या मोटारीत जाऊन बसले होते, काचा वर करून.

हाताची जखम भरेल, डॉक्टर म्हणाले. बोटं हलतात.

बाळ


१५ मार्च

बाळास,

बोटं हलतात ते मला दिसतंय, मीच पट्टी बदलते रोज.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर ठिबकत होता. फवारा मारायचा सोडून नळासारखा गळत होता. ते डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली तेलात. तेल पातळ झालं, वाढलं, शेवटी इतकं वाढलं की उडून हवेच्या वाटेने परत सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिनाला फुकटचं जेवण मिळालं. बेअरिंगं गेली, शाफ्टवर ओरखडे आहेत. तुझा डबाही उघडला. आतली जाळी अगदी छान, काजळीने गच्च भरलेली, काम चोख केलंय तिने. पण गाळणीने चहातली पत्ती निघते, दुधातलं पाणी नाही निघत. तेलात मिसळलेलं डिझेल कुठल्या जाळीत अडकणार? वेळेवर तेल बदललं असतं तर जुनं तेल बाहेर पडताना कुणाच्या तरी नाकाला कळलं असतं. त्या नाकाची तू टवाळी केली होतीस. बाकी इंजेक्टर आतून गळतोय हे कुणाला कळणार होतं, ते सोड.

आता दुसरी गोष्ट. काल तुझ्या कंपनीचा माणूस आला होता. बूट इतके चकचकीत की वर्कशॉपच्या दारातच थबकला. त्याच्याकडे एक टाइप केलेला जबाब होता. "चालकाने निष्काळजीपणे तेल प्रमाणाबाहेर भरले, त्यामुळे इंजिन अनियंत्रित झाले. फिल्टरचा व तो बसवणाऱ्यांचा संबंध नाही." खाली साक्षीदार म्हणून तुझं नाव छापलेलं. म्हणाला, "तुमच्या बंधूंची सही होईलच, औपचारिकता आहे."

ज्या पोरीने तुझ्या साहेबाला जिवंत खाली आणलं, ती निष्काळजी. पाहुण्यांमध्ये निम्म्या शहराचे गाडीमालक होते. हा कागद त्यांच्यात फिरला की तिला कुणी सायकलसुद्धा चालवायला देणार नाही.

त्याला म्हटलं, "सही होईल. माझा भाऊ सही करतो. टाक्यांवर केली, गाद्यांवर केली. समोर टेबल आणि त्यामागे साहेब असला की त्याचा हात आपोआप उठतो." तो खूश होऊन गेला.

मी खोटं बोलले का, ते तुझं तू ठरव.

ताई


२४ मार्च

ती. ताई,

तो कागद माझ्यासमोर आला. टेबलही होतं, त्यामागे साहेबही. पेन त्यांनी स्वतः टोपण काढून पुढे केलं.

साहेब म्हणाले, "भाची आहे म्हणून भावनिक होऊ नका."

मी म्हटलं, "साहेब, मोटारीच्या काचा वर केल्या होत्या, त्यामुळे तुम्हाला नीट दिसलं नसेल. तेल कुणी भरलं नव्हतं. ते आपोआप वाढत होतं. आदल्या दिवशी दांडी पुसून बघणारा मी. वाढलेलं बघून खूश होणारा मी. आणि तुम्हाला सांगितलं तेव्हा टाळी देणारे तुम्ही."

"मी?"

"‘हे जाहिरातीत घालू' म्हणाला होतात."

खोलीत आणखी चौघे होते, चौघेही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मग मी त्याच कागदाच्या मागे जे झालं ते लिहिलं, त्याखाली सही केली आणि प्रात्यक्षिकाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याची प्रत नेऊन दिली. दारोदार फिरलो. फिरायची सवय आहेच, एवढं तरी त्या नोकऱ्यांनी दिलं. दोघांनी चहा विचारला. एकाने विचारलं, "ती पोरगी आमच्याकडे येईल का?"

नोकरी गेली हे सांगायला नको.

आता तुझ्या हसण्याची वाट बघतो.

बाळ


३० मार्च

आई आणि मामा, दोघांनाही,

एकच पत्र दोनदा लिहिलंय, डाव्या हाताने, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. बाकी नावं ठेवायची तुम्हा दोघांची हौस मला पुरेशी माहीत आहे. तीन महिने तुमचा एकमेकांवरचा तिरस्कार मी मालासारखा वाहून नेला. भाडंसुद्धा मागितलं नाही.

मामा, तुझा डबा वाईट नाही. आमच्या ज्या दोन गाड्या दिवसभर इंजिन चालू ठेवून उभ्या असतात त्यांना तो उपयोगी पडेल, कारण तिथे काजळी खरंच जास्त होते. पण त्यासोबत तेल तपासायलाही पाठवायचं असतं, नुसतं लांबवायचं नसतं. तू हे मालकांना सांगितलं नाहीस. मलाही नाही. तू शब्द दिलास आणि मी आईशी खोटं बोलले, तेव्हा तेलाचा विचार तुझ्या डोक्यात नव्हताच. आईला खाली बघायला लावायचं होतं तुला.

आई, "इंजेक्टर गळतोय हे कुणाला कळणार होतं?" तू मामाला असं लिहिलंस. मला कळलं होतं. डिसेंबरमध्ये मी तुला सांगितलं होतं, सकाळी निळी चालू केली की पांढरा धूर येतो, डिझेलचा वास येतो, इंजेक्टर उघडून बघू या. मिस्त्रीही म्हणाला होता. तू म्हणालीस, "हंगाम संपू दे. गाडी उभी ठेवायला वेळ नाही. पोरींना कशाचेही वास येतात." मिस्त्री गप्प बसला, मीही. मामाने डबा बसवला त्याच्या कितीतरी आधीपासून ते डिझेल तेलात उतरत होतं. दर वेळी तू तेल वेळेवर बदलायचीस म्हणून ते लपत होतं, एवढंच. तुझं वेळापत्रक आणि मामाची जाळी, दोन्ही आजारावर पांघरूण घालत होते. वेळापत्रकाचं निघालं आणि आजार उघडा पडला.

मामाला मूर्ख म्हणताना तुझी लेखणी अडखळत नाही. स्वतःचं मात्र "ते सोड" म्हणून सोडून दिलंस.

निळीचं इंजिन मी आणि मिस्त्री बांधतो आहोत. कोणता फिल्टर, किती दिवसांनी तेल, कधी उभी करायची, हे यापुढे मी ठरवीन. मंजूर नसेल तर ज्या मालकाने मामाला विचारलं, त्याला मी विचारते.

भिंगरी


२० एप्रिल

बाळ,

तू माझ्या हसण्याची वाट बघत होतास. मला हसू आलं नाही. तुझं पत्र मिस्त्रीला वाचून दाखवलं, दारोदार फिरलास तो भाग दोनदा. तो म्हणाला, "हा तोच का, गादीवाला?" म्हटलं, "तोच."

पोरीचं पत्र मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. मग तिच्या हाताची पट्टी बदलताना म्हटलं, "डिसेंबरात उघडायला हवा होता." ती म्हणाली, "हं." तिने आणखी काही म्हटलं असतं तर मी भांडू शकले असते. तेवढीही सोय ठेवली नाही कार्टीने. हा गुण आपल्याकडचा नव्हे, तिच्या बापाचा.

काल निळी चालू केली. इंजिन शिवणयंत्रासारखं चालतंय. फिल्टर तिने साधा लावलाय, डेपोतला. तुझा बाजूचा डबा धुऊन, नवी जाळी घालून लालीवर चढवला आणि तेलाचा नमुना बाटलीत भरून तपासायला पाठवला. मी बघत उभी होते. मला कुणी विचारलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याच वर्कशॉपमध्ये मी अडगळ झाले होते, आणि खरं सांगायचं तर खुर्ची आणून बसले.

तिने बाकी सहाही गाड्या उभ्या करायचं ठरवलंय, एक एक करून. प्रत्येकीचे इंजेक्टर काढून तपासायचे. हंगाम ऐन भरात आहे. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

तिचा उजवा हात अजून जोर घेत नाही आणि मिस्त्रीची कंबर धरलीय. पाने धरायला एक माणूस कमी पडतो. तुला यातलं काही येत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "शिकेल." तुझ्याबद्दल हा शब्द आपल्या घरात कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी ये. जुने कपडे घाल. आणि पोचल्या पोचल्या बोलायला लागू नकोस, आधी मी काय म्हणते ते ऐकून घे. मला दोनच वाक्यं बोलायची आहेत, पण ती मला लिहिता येत नाहीत.

ताई